अगंचा अकराचा तास

बायको गेल्यावर माणसं काय काय करतात. कोणी पहाटे उठून फिरायला लागतं, कोणी लेकीकडे जाऊन जावयाच्या नाकी नऊ आणतं, कोणी नुसतंच खिडकीशी बसून राहतं. चष्मेवाल्या काकांनी विद्यापीठात नाव घातलं. तेही कशात, तर संख्याशास्त्रात! शाळा सुटल्यापासून ज्या माणसाने भागाकाराशी बोलणंच टाकलं होतं, तो माणूस पाठीला पिशवी लावून पहिल्या वर्षाच्या पोरांबरोबर जिना चढू लागला.

काकांचं दुकान विद्यापीठाच्या फाटकासमोर, रस्त्याच्या पलीकडे होतं. अरुंद आणि लांबट दुकान. पुढे फ्रेमांचं काचेचं कपाट, मध्ये आरसा, मागच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता आणि पडद्याआड काचा घासायचं चाक. काका हाताने पक्के होते. चष्म्याची काडी वाकडी झालेली असो, नाकावरची गादी निसटलेली असो, बोलता बोलता दोन बोटांनी ते सरळ करून देत. रस्त्यात कोणाच्या नाकावर तिरका चष्मा दिसला तरी त्यांचे हात शिवशिवत. तिरकं ते सरळ करायचं, एवढा एकच धर्म त्यांना ठाऊक होता.

आणि फाटकाच्या आत, समोरच्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर त्यांची बायको शिकवायची. विषयाचं नाव ‘संख्याशास्त्राची तोंडओळख’. मुलं तिला बाई म्हणत. काका तिला ‘अगं’ म्हणत आणि ती त्यांना ‘अहो’. या दोन हाकांवर दोघांचा सगळा संसार झाला, तिसऱ्या शब्दाची गरज पडली नाही.

लग्न झालं तेव्हा ती उत्साहाने सांगायची. आज वर्गात असं झालं, एका पोराने असं विचारलं, मग मी म्हटलं. काका ऐकायचे, म्हणजे तोंड तिच्याकडे करायचे. मग एकदा, कोणत्या तरी कंटाळलेल्या संध्याकाळी, ते म्हणाले, “अगं, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. उगाच कशाला तोंड शिणवतेस?” वाईट हेतूने म्हणाले नव्हते. आपण अडाणी आहोत हे मोकळेपणाने कबूल करावं, इतकाच हेतू. पण ती हसली, “बरं बाई, राहिलं,” म्हणाली, आणि त्यानंतर वर्ग घरी आला नाही. नवऱ्यांना असं वाटतं की आपण बोललेलं वाऱ्यावर जातं. बायका ते घडी घालून कपाटात ठेवतात, हे त्यांना कळेपर्यंत फार वेळ गेलेला असतो.

ती गेली ती थोड्या दिवसांच्या आजाराने. भेटायला जी माणसं आली त्यांत तिचे जुने विद्यार्थी पुष्कळ होते. कोणी बँकेत, कोणी दवाखान्यात, कोणी दुसऱ्या गावाहून मुद्दाम आलेले, केस पांढरे झालेले बाप्येसुद्धा. सगळे एकच म्हणत होते. “काका, बाईंचा अकराचा तास! असा तास पुन्हा झाला नाही.” आणि आठवून हसत होते, डोळे पुसत होते. काका मान डोलवत होते. मान डोलवता डोलवता त्यांच्या लक्षात आलं की या खोलीत बसलेल्यांपैकी अकराच्या तासाला कधीही न बसलेला माणूस एकच आहे, आणि तो आपण. रस्ता ओलांडायचा होता फक्त. आयुष्यभरात तेवढा रस्ता त्यांच्याने ओलांडला गेला नाही.

त्या दिवसापासून त्यांना एकच गोष्ट हवी झाली. फोटो नको, तिची लुगडी-साड्या नकोत, कोणी केलेलं कौतुक नको. ती त्या वर्गात काय बोलायची, कशी बोलायची, ते ऐकायचं होतं. भूक लागावी तसं हवं झालं होतं. विद्यापीठात वय झालेल्यांनाही पहिल्या वर्षाला बसता येतं असं त्यांना एका गिऱ्हाइकाकडून कळलं, आणि दुसऱ्याच दिवशी ते प्रवेशाच्या खिडकीपाशी रांगेत उभे होते.

लेकीला फोनवर सांगितलं.

“बाबा, मन रमवायचंय तर झाडं लावा ना. गच्चीत जागा आहे.”

“झाडं बोलत नाहीत.”

“आणि स्टॅट्स बोलतं?”

“आईचं बोलायचं,” काका म्हणाले.

पहिल्या दिवशी काका दुकानाला ‘थोड्या वेळात येतो’ची पाटी अडकवून अकराच्या आधीच वर्गात जाऊन बसले. शेजारी एक मुलगी आली. भलाथोरला गोल चष्मा, उजवी बाजू डावीपेक्षा खाली उतरलेली. काकांनी स्वतःचे हात बाकाखाली दाबून धरले. शिकवायला आले ते नवे सर. तरुण, सडपातळ, फळ्यापेक्षा पडद्यावर जास्त भरवसा असलेले. त्यांनी एकेक कागद वाटला.

“हे या कोर्सचे नियम,” ते म्हणाले. “माझे नाहीत. आधी इथे ज्या बाई शिकवायच्या त्यांचे आहेत. मीही त्यांच्या हाताखाली शिकलो. मी एक शब्द बदललेला नाही, तेव्हा ‘मी बसते’, ‘मी रागावते’ असं वाचून हसू नका.”

पोरं अर्थातच हसली. काकांनी कागद डोळ्यांपाशी धरला आणि पहिल्याच ओळीला थांबले.

‘उशीर झाला तर मागच्या दाराने या. मान खाली, खुर्ची न ओढता. कारण सांगू नका. कारणं मला सगळी खरी वाटतात आणि माझा तास वाया जातो.’

तीच होती. अगदी तीच. ‘कारण सांगू नका’ हे ती घरात याच चालीवर म्हणायची, अर्धवट रागावून. काका पुढे वाचत गेले.

‘हजेरी मी घेत नाही. कोण आलं नाही ते मला दिसतं.’

‘चाचण्यांत सगळ्यात कमी गुण पडलेली एक मी विसरून जाईन. घरपाठातही तेच. का कमी पडले ते विचारणार नाही. एखादा दिवस माणसाचा नसतोच.’

‘गणकयंत्र आणा. शेजाऱ्याचं मागू नका, मैत्री तुटते.’

‘मंगळवारी दुपारी मी खोलीत बसते. शंका विचारायला या. शंका नसली तरी या. बहुतेक मंगळवारी मी एकटीच असते आणि खिडकीतून रस्ता बघते.’

काका इथे थांबले. खिडकीतून रस्ता म्हणजे त्यांचंच दुकान. मंगळवारी तिला घरी यायला उशीर व्हायचा आणि ते म्हणायचे, “काय गं, कोणी येत नाही तर बसतेस कशाला?” हे असं, छापलेलं, शंभर पोरांना वाटलेलं आमंत्रण होतं. काकांना ते कोणी दिलं नव्हतं, आणि त्यांनी मागितलंही नव्हतं.

शेवटचा नियम ठळक अक्षरांत होता. ‘आकडे मनाने बनवू नका. कमी आणा, वेडेवाकडे आणा, पण खरे आणा. ज्याने आकडे बनवले त्याला माझ्या वर्गात जागा नाही. तो माझ्यासमोर रडला तर मीही रडेन, पण निर्णय बदलणार नाही.’

शेजारची मुलगी पुटपुटली, “बापरे, खडूस होत्या वाटतं.”

“नाही गं,” काका म्हणाले. एवढंच म्हणाले. आपल्या बायकोच्या वर्गाबद्दल या मुलीपेक्षा जास्त आपल्यालाही काही ठाऊक नाही, हे त्यांना डाचत होतं.

कागद त्यांनी दुकानात नेला, गिऱ्हाईक नसलं की वाचला, पाठ झाला तरी वाचला. पण नियम संपले आणि पुढे अभ्यास सुरू झाला, तिथे घोडं पेंड खाऊ लागलं. सरासरी समजली. मधला आकडा समजला. मग विचलन आलं आणि सगळं डोक्यावरून जाऊ लागलं. गोल चष्म्याची मुलगी सुट्टीत समजावून सांगायची, “काका, सरासरी सांगते की माणूस साधारण कुठे असतो. विचलन सांगतं की त्याच्यावर किती भरवसा ठेवायचा.” काकांना ते वाक्य आवडलं, गणित मात्र सुटलं नाही. पहिल्या चाचणीत त्यांना असे गुण पडले की त्यांनी तो कागद दुमडून, पुन्हा दुमडून खिशात खोल घातला.

गुणांचं दुःख त्यांना नव्हतं. दुःख हे होतं की वर्गात ती येत नव्हती. नवे सर चांगलं शिकवत, मन लावून शिकवत, पण ते त्यांचं शिकवणं होतं. पडद्यावर रंगीत खांब उभे राहत, आडवे होत, पोरं उतरवून घेत. काका रोज कान टवकारून बसायचे. आता म्हणतील, ‘आमच्या बाई इथे असं सांगायच्या’. पण सर म्हणत नसत. विचारायची सोय होती, हात वर करायचा की झालं. पण जन्मभर ज्याने तिलाच कधी काही विचारलं नाही, त्याला तिच्याबद्दल परक्या माणसाला विचारायचं कसं, ते कळेना. तास संपायचा, काका रस्ता ओलांडून दुकानात जायचे, पाटी काढायचे आणि रिकाम्या हाताने परत आल्यासारखे स्टुलावर बसायचे.

मग तो नाण्याचा घरपाठ आला. घरी बसून नाणं दोनशे वेळा उडवायचं आणि छापा पडला की काटा, ते क्रमाने लिहून आणायचं. इतकं सोपं काम काकांच्या वाट्याला आजवर आलं नव्हतं. संध्याकाळी दुकान लवकर बंद करून ते घरी आले, जेवणाच्या टेबलावर कागद पसरला आणि सुरुवात केली. नाणं वर जायचं, टेबलावर पडायचं, खणखणायचं. घरात त्या आवाजाशिवाय दुसरा आवाज नव्हता. समोरची खुर्ची रिकामी होती. ती असती तर म्हणाली असती, ‘अहो, टेबलाला खड्डे पाडाल.’

मध्यावर कुठेतरी छापा पडला. पुन्हा छापा. पुन्हा. काका लिहीत गेले. सलग इतके छापे पडले की त्यांनी नाणं उलटून पालटून बघितलं, दोन्हीकडे छापा तर नाही ना. नव्हता. पुढचाही छापाच पडला. कागदावर ती ओळ अशी दिसत होती की कोणीही म्हणावं, या माणसाने कंटाळून एकच अक्षर गिरवत नेलंय. काकांना घाम फुटला. ‘ज्याने आकडे बनवले त्याला माझ्या वर्गात जागा नाही.’ सरांना वाटलं, म्हाताऱ्याने नाणं उडवलंच नाही, तर?

आणि मग काकांनी ते केलं जे त्यांनी आयुष्यभर केलं होतं. तिरकं दिसलं, सरळ केलं. त्या लांबलचक ओळीत इथे एक काटा घातला, तिथे एक घातला. पुढे एके ठिकाणी काटे जास्त साचले होते, तिथे छापे पेरले. खोडरबराने नीट पुसून, सुबक अक्षरात. काम झाल्यावर कागद हातभर लांब धरून बघितला. आता कसा खरा दिसत होता! समाधानाने त्यांनी तो पिशवीत ठेवला.

पुढच्या तासाला सरांनी गठ्ठा टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “यातले कोणते खरे आणि कोणते बनवलेले, हे मी काल बघताक्षणी वेगळे केले. कसे, सांगतो. खऱ्या नाण्याला लाज नसते. ते सलग सात-आठ वेळा एकच बाजू दाखवतं. माणूस मात्र घाबरतो. तीन-चार झाले की त्याला वाटतं, आता बदलायला हवं. जो कागद फार नीटनेटका, तो खोटा.”

वर्गात खसखस पिकली. काही पोरांचे चेहरे पडले. काकांचा कागद त्यांच्यासमोर आला. वर लाल शाईत शून्य होतं आणि शून्याखाली, ‘मंगळवारी भेटा’.

“काका, तुम्हीसुद्धा?” मुलगी आश्चर्याने म्हणाली.

काकांची पाचावर धारण बसली. या वयात कॉपी करताना पकडल्यासारखं झालं होतं, आणि तेही कोणाच्या वर्गात! त्यांना वाटलं, मंगळवारी जाऊच नये. जागा नाही म्हणजे नाही. बाहेर काढायच्या आधी आपणच गप्पगुमान दुकानात बसावं. दोन दिवस त्यांनी स्वतःला हेच पटवलं. पण वर्ग सुटला तर ती सुटणार होती. अजून ती भेटलीच नव्हती. कागदावरच्या चार नियमांपलीकडे तिचा आवाज त्यांच्या कानी पडलाच नव्हता, आणि तो त्या इमारतीबाहेर दुसऱ्या कुठे मिळण्यातला नव्हता.

मंगळवारी दुपारी काकांनी पाटी अडकवली आणि रस्ता ओलांडला. खोली त्यांनी पूर्वी पाहिली नव्हती. लहानशी, पुस्तकांनी भरलेली, एकच खिडकी. खिडकीतून दुकानाची पाटी सरळ दिसत होती. इतकी सरळ की आत स्टुलावर कोण बसलंय तेही कळावं. काकांनी नजर वळवली.

“बसा काका,” सर म्हणाले. “मला सांगा, तुम्ही असं का केलंत? पोरांचं समजू शकतो, त्यांना कंटाळा येतो. तुम्ही तर पहिल्या बाकावर बसता.”

“उडवलं होतं हो, सर. सगळं उडवलं. पण खरं ते खोटं दिसायला लागलं. म्हणून दुरुस्त केलं.”

सर एकदम हसले, मग काकांचा चेहरा बघून थांबले.

“दुरुस्त केलं?”

“सवयच तशी. समोर दुकान आहे ना माझं. चष्म्याचं.”

सरांनी खिडकीबाहेर बघितलं. मग काकांकडे. मग पुन्हा बाहेर. हळूहळू ते खुर्चीतून उठले, एखादं वडीलधारं माणूस आत आल्यावर उठावं तसे.

“तुम्ही ‘आमचे हे’?”

काकांना काही उमगलं नाही.

“बाईंचे...” सर अडखळले. “काका, आम्ही तुम्हाला ओळखतो. म्हणजे आमचा सगळा वर्ग ओळखायचा. बाईंच्या प्रत्येक उदाहरणात तुम्ही असायचात. ‘आमचे हे’ असं म्हणाल्या की पोरं पेनं खाली ठेवायची. तुम्ही हरवलेली किल्ली कोणत्या खिशात असेल ते, छत्री न्याल की नाही ते, सगळं. आम्ही संभाव्यता तुमच्यावर शिकलो.”

त्यांनी तिचा वर्ग घरात येऊ दिला नव्हता. आणि तिने त्यांना हाताला धरून रोज वर्गात नेलं होतं, इतकी वर्षं, न सांगता. त्यांना एकदम इतकी तिची आठवण झाली की छातीत दुखलं. रागवावं असंही वाटलं. ‘अगं, मला सांगायचंस ना!’ पण कोणत्या तोंडाने म्हणणार होते?

“मग तुम्ही सांगत का नाही ती उदाहरणं?” त्यांनी विचारलं. “मी रोज वाट बघतो. मी त्यासाठीच आलोय. गणित मला जमत नाही, ते तुम्ही बघताच आहात.”

सर अवघडले. “एकदा सांगून बघितलं होतं. माझ्या तोंडी ते शोभेना. दुसऱ्याच्या घरातलं आहे ना ते.”

“घर माझंच आहे,” काका म्हणाले. “सांगा. एकदा सांगा. मग काढा वर्गातून, माझी ना नाही.”

सर बराच वेळ टेबलावरचा कागद सरळ करत राहिले.

“काढत नाही. तुम्ही आकडे बनवले नाहीत, असलेले बिघडवलेत. बाईंनी काय केलं असतं मला माहीत नाही, मी तुम्हाला ठेवतो. पण शून्य राहणार. एक घरपाठ विसरायचा नियम आहे, त्यात ते जाऊ दे. आणि नाणं पुन्हा उडवा.” मग थोडं थांबून म्हणाले, “गुरुवारी योगायोगावर तास आहे. योगायोग कुठे संपतो आणि ठरवून केलेलं कुठे सुरू होतं, ते ओळखायचं कसं. त्याचं बाईंचं एक उदाहरण आहे, त्यांचं सगळ्यात गाजलेलं. इथे नाही सांगत. त्या ते वर्गातच सांगायच्या. तुम्हाला सगळ्यांसमोर ऐकायला चालेल?”

“ती सगळ्यांसमोरच सांगायची ना? मग चालेल.”

गुरुवारी काकांनी इस्त्रीचा सदरा घातला. लग्नाला निघाल्यासारखे तयार होऊन ते बाकावर बसले तेव्हा शेजारची मुलगी म्हणाली, “काका, आज काय विशेष?” काकांनी नुसती मान हलवली. त्यांचा जीव टांगणीला लागला होता.

सरांनी पडदा बंदच ठेवला. खडू हातात घेतला आणि म्हणाले, “आजचं उदाहरण बाईंचं. मी त्यांच्यासारखंच सांगतो, हसायचं तर हसा.”

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली, आणि काकांनी डोळे मिटले. आवाज पुरुषाचा होता, तरी शब्द तिचे होते, थांबणंसुद्धा तिचं होतं.

“आमचे हे दुकानातून घरी कधी येतील याचा काही नेम नसतो. एखादं गिऱ्हाईक आलं की गेले कामातून. कधी दिवेलागणीला येतात, कधी शेजारची झोपायला जातात तेव्हा. सरासरी काढली तर बरी येते, पण त्या सरासरीवर भरवसा ठेवून मी कधी जेवण गरम केलं नाही. आता गंमत ऐका. हे कोणत्याही वेळी येऊ देत, मी त्या क्षणी ताटं मांडत असते. रोज. आणि हे चपला काढता काढता रोज म्हणतात, ‘बघ, नेमका वेळेवर आलो!’”

वर्ग खळखळून हसला. काका हसले नाहीत. ते वाक्य त्यांचंच होतं. अगदी तसंच, चपला काढता काढता, रोज. कितीदा म्हणाले असतील! आपल्याला त्या बाबतीत नशीबच आहे, असं त्यांनी चारचौघांत फुशारकीने सांगितलंही होतं. आमच्या हिला भूक उशिरा लागते, आणि मी पोचतो नेमका त्याच वेळेला.

“तर प्रश्न असा,” सर पुढे म्हणाले. “नवरा म्हणतो, हा योगायोग. पहिल्या दिवशी ठीक आहे, योगायोग असेल. दुसऱ्या दिवशीही असेल. त्याच्या जागी तुम्ही असता तर कितव्या दिवशी योगायोग म्हणणं सोडून दिलं असतंत?”

“तिसऱ्या!” मागून कोणीतरी ओरडलं.

“आठवडा तरी द्या त्यांना,” दुसरं म्हणालं.

“मी चौथ्या दिवशी,” शेजारची मुलगी म्हणाली. “एवढ्यात कळायलाच हवं. त्या पायरव ऐकून उठत असणार ना!”

“आणि तोवर त्या उपाशी?” कोणी विचारलं.

“तोवर उपाशी,” सर म्हणाले. त्यांनी काकांच्या दिशेने बघण्याचं टाळलं.

काका मनाने आपल्या घराच्या जिन्यावर होते. खालच्या पायरीवर आपली चप्पल वाजते ती त्यांना ऐकू आली. वर दारामागे कोणीतरी पुस्तक मिटून ठेवतंय, घाईने उठतंय, ताटं काढतंय. दार उघडल्यावर ती थोडीशी धापा टाकत असायची, आणि काकांना वाटायचं, स्वयंपाकाची दगदग. “आत्ताच वाढायला घेत होते,” ती म्हणायची. आजारपणात तिच्याने उठवत नव्हतं तेव्हाही, शेजारीण डबा ठेवून जायची तो उघडलेला नसायचा. ‘आत्ताच भूक लागली बघा,’ ती म्हणायची. काकांनी त्याही वेळी चपला काढत ‘नेमका वेळेवर आलो’ असंच म्हटलं होतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांनी ते पुसायचा प्रयत्न केला नाही. त्यांना एवढंच हवं होतं की एकदा, एकच संध्याकाळ, उजेड असताना दुकान बंद करावं, धावत जिना चढावा, आणि तिला ताटं मांडायला उठायची गडबड करू देऊ नये.

सरांनी फळ्यावर काहीतरी लिहिलं, दोन्ही बाजूंची शक्यता मांडली, योगायोग उरण्याची शक्यता दिवसागणिक कशी झिजत जाते ते दाखवलं. पोरांनी उतरवून घेतलं. मग सर म्हणाले, “बाई हे उदाहरण इतकी वर्षं सांगत आल्या. शेवटी नेहमी म्हणायच्या, ‘पुरावा एवढा साचलाय तरी आमचे हे अजून योगायोगावरच अडून बसलेत. मी त्यांना सांगणार नाही. सांगितलं तर ते वेळेवर यायला लागतील, आणि मग दुकानात त्यांचं लक्ष लागायचं नाही.’”

वर्ग पुन्हा हसला, पण या वेळी हळू. शेजारच्या मुलीने हात वर केला. गोल चष्मा सावरत तिने विचारलं, “पण सर, मग त्यांना शेवटी कळलं का?”

सर खडू हातातल्या हातात फिरवत उभे राहिले.

पहिल्या बाकावरून चष्मेवाल्या काकांनी हात वर केला. या वर्गात त्यांनी हात वर करण्याची ही पहिलीच वेळ होती.

“कळलं, पोरी,” ते म्हणाले. “आत्ता कळलं. जरा उशीरच झाला मला.”